घरातल्या घरात पियानो हलवला, आता ट्यूनिंग कधी करायचं?

गौरी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

घराला रंग काढायचा होता, त्या निमित्ताने हॉलमधला पियानो आतल्या खोलीत नेला. यामाहाचा यू-१, उभा, जपानहून आलेला सेकंडहँड. हॉलमध्ये टीव्ही आणि आल्यागेल्याच्या राबत्यात लेकीचा रियाज होत नाही, त्यामुळे रंग झाला तरी तो आता आतच राहणार. ही खोली म्हणजे बेडरूम आणि तिला जोडून आत घेतलेली बाल्कनी. बाल्कनीच्या भागात पियानो अगदी मापात बसतो. चांगली चार माणसं लावली होती, कुठे आदळला नाही, उंबरठ्यावरूनही उचलूनच नेला.

तरी आता वेगळाच वाजतोय. मधल्या 'सी'च्या खालचे बरेच स्वर कणसूर लागतात, वरचे त्यामानाने ठीक. काही पट्ट्या एकेकट्या दाबल्या तरी आवाज डोलतो. आणि एक काळी पट्टी दाबली की सावकाश वर येते, मनात येईल तेव्हा.

ट्यूनरकाकांना फोन केला तर म्हणाले, "आत्ता नको, दिवाळीच्या सुमारास बघू." इकडे लेकीची परीक्षा ऑगस्टमध्ये. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो उद्याच करून टाक, पैसे गेले तर गेले. सासरे आयुष्यभर गाणं शिकले आणि शिकवत आले. त्यांचं म्हणणं, मुळात या वाद्याचा गांधार चढाच असतो, ट्यूनिंग करून काय दिवे लागणार!

तर जाणकारांनो, घरातल्या घरात हलवल्यावर ट्यूनिंग लागतंच का? आणि लागत असेल तर किती थांबायचं?

बटाटावडा

पियानोतलं ओ की ठो कळत नाही, पण वीस फुटांत सूर बिघडत असेल तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत गाणारे काका रोज मुंबई-पुणे अप-डाऊन करत असणार.

(वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

शर्वरी_डोंबिवली

आमच्या क्लासच्या मॅम सांगतात की पियानो जागचा हलला की ट्यूनिंग करायचंच. त्यांनी फ्लॅट बदलला तेव्हा दुसऱ्या दिवशी ट्यूनर हजर होता. पण महिन्याभरात परत तक्रार सुरू झाली, हेही खरं. म्हणून मी डिजिटल घेतला. ना ट्यूनिंग, ना दमट हवा, रात्री हेडफोन लावून वाजवा.

कणसूर

शर्वरी, या विषयाच्या कुठल्याही धाग्यावर 'डिजिटल घ्या' तिसऱ्या प्रतिसादाच्या आत येतंच. आलं, बरं झालं, आता पुढे जाऊ. :)

गौरीताई, माझं पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण सुट्टीच्या दिवशी मी मुंबईतल्या एका वयस्कर ट्यूनरच्या हाताखाली असतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हलवण्याच्या धक्क्याने पियानो सहसा बेसूर होत नाही. आत बिडाची अखंड चौकट असते. तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या असतात, एकेका तारेवर साधारण सत्तर-ऐंशी किलोचा ताण, सगळा मिळून पंधरा ते वीस टन. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या कठीण लाकडाच्या थरांच्या ठोकळ्यात ठोकून बसवलेल्या. पोलादी तारेचा एवढा ओढा सोसून वर्षानुवर्षं जी खुंटी जागची हलत नाही ती तुमच्या उंबरठ्याला काय भीक घालणार!

बिघडवते ती हवा. तारा घोडीवरून, म्हणजे त्यांना टेकू देणाऱ्या लाकडी पट्टीवरून, जातात आणि घोडी बसलेली असते साउंडबोर्डवर. हा साउंडबोर्ड म्हणजे स्प्रूसची जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीची फळी, मुद्दाम किंचित फुगीर बसवलेली. हवा दमट झाली की लाकूड आडव्या अंगाने फुगतं, फळीचा फुगवटा वाढतो, घोडी वर उचलली जाते, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की हेच उलट, सूर उतरतो. पण सगळे स्वर सारखे चढत-उतरत नाहीत, खरी गोची तिथे आहे. सगळेच सारखे चढले असते तर घरात वाजवणाऱ्याला कळलंही नसतं. मंद्रातल्या तांबं गुंडाळलेल्या तारांची घोडी वेगळी, त्यांना फरक कमी पडतो. सगळ्यात जास्त हलतात त्या लांब घोडीच्या खालच्या टोकाच्या साध्या पोलादी तारा. त्या त्यांच्या लांबीच्या मानाने सैल असतात, त्यामुळे ताण जरासा वाढला तरी सूर भरकन वर जातो. आणि या तारा नेमक्या कुठल्या? तर मधल्या 'सी'च्या खालच्या. तुम्ही कणसूर म्हणून जे स्वर सांगितलेत ते हेच. म्हणजे तिथे पियानो उतरलेला नसून चढलेला असणार, ताडून बघा.

आता तारीख बघा. तुम्ही पियानो हलवला तो पाऊस लागता लागता. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली असते आणि जुलैत ऐंशीच्या वर. हॉलमध्येच ठेवला असता तरी सूर फिरलाच असता. हलवणाऱ्या चार माणसांना उगाच बोल लावू नका.

म्हणजे जागेचा काहीच संबंध नाही का? आहे की. हॉलची हवा वेगळी, आत घेतलेल्या बाल्कनीची वेगळी. लाकडाला नव्या जागेच्या हवेशी जुळवून घ्यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी ट्यूनिंग केलं तर लाकूड आपलं फुगत राहतं आणि केलेलं काम वाहून जातं. शर्वरीच्या मॅमचं तेच झालं. तुमचे ट्यूनरकाका पैसे मिळत असताना 'थांबा' म्हणताहेत. असा माणूस सोडू नका.

काळ्या पट्टीचं दुखणंही दमटपणाचंच. पट्टीच्या आत खिळा जिथे बसतो तिथे दोन्ही बाजूंना नमद्याचं (फेल्टचं) अस्तर असतं, ते फुगलं की पट्टी अडकते. ट्यूनर एका खास चिमट्याने ते दाबून देतो, मिनिटभराचं काम. तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे काही एक घालू नका. पावडरही नको.

गौरी_कोथरूड

कणसूर, किती छान समजावलंत! नवऱ्याला वाचून दाखवलं. आता तो म्हणतोय, 'चढलेला असणार' हे घरी कसं ताडायचं? फोनमध्ये ट्यूनरचं ॲप टाकलंय.

कणसूर

ॲप पुरेसं आहे, फक्त त्यावर विसंबून खुंट्या पिळायला जाऊ नका. मधल्या 'सी'च्या वरचा 'ए' दाबा. तो ४४० हर्ट्झ असायला हवा. मग प्रत्येक सप्तकातला 'ए', आणि मधल्या 'सी'च्या खालचे सात-आठ स्वर एकेक करून बघा. ॲप फरक सेंटमध्ये दाखवतं. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. वीस सेंट चढा म्हणजे ४४० चा ४४५ झाला. आकडे तारखेसकट कागदावर लिहून ठेवा, ट्यूनर आला की त्याला दाखवा, तो खूश होईल.

अगदी खालच्या आणि अगदी वरच्या सप्तकात ॲप काहीही दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका. जाड, ताठ तारेचे उपस्वर गणिताच्या नियमापेक्षा थोडे चढे निघतात, म्हणून चांगला ट्यूनर वरचा भाग मुद्दाम जरा चढा आणि खालचा जरा उतरता लावतो. ॲपला ते चुकीचं वाटतं, कानाला तेच बरोबर लागतं.

कॉलम_बीम

मी स्थापत्यवाला, संगीतात औरंगजेब. पण धाग्यात एक शब्द खटकला: आत घेतलेली बाल्कनी.

गौरीताई, बाल्कनीच्या फरशीला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो. बिल्डरने नंतर स्लायडिंग काढून ती आत घेतली तरी बहुतेक ठिकाणी तो उतार तसाच राहतो, वरून टाइल बदलली म्हणून दिसत नाही. गोटी ठेवून बघा, घरंगळत कुठे जाते ते. पियानोला चार चाकं. सपाट नसलेल्या जागी चार पायांचं हलकं स्टूल डुगडुगतं, पण सव्वादोनशे किलोंचं धूड डुगडुगत नाही, ते स्वतःच्या वजनाने पिळतं. त्याचा सुरावर काही परिणाम होतो का ते कणसूर सांगतील.

दुसरं म्हणजे भार. राहत्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ नुसार प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन भारासाठी धरतात, म्हणजे ढोबळमानाने दोनशे किलो. पियानोखालच्या जागेपुरता हिशेब केला तर आकडा थोडा वर जाईल, पण स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो, आणि खोलीभर पियानो मांडलेले नसतात. तेव्हा आतल्या खोलीत, भिंतीलगत, काही काळजी नाही. पण बाल्कनी भिंतीबाहेर लटकती असेल आणि इमारत जुनी असेल, त्यातून खालच्या बाजूला गिलावा सुटलेला किंवा सळई दिसत असेल, तर मी तिथे पियानो ठेवणार नाही. पुस्तकांची कपाटंही नाही.

कणसूर

कॉलम_बीम, लाख बोललात. हो, परिणाम होतो. उभ्या पियानोच्या पाठीला जाड लाकडी खांब असतात, तरीही एक चाक अधांतरी राहिलं तर सगळा सांगाडा किंचित पिळतो आणि मधल्या भागात सूर सरकतो. प्रत्येक चाकाखाली पोस्टकार्ड सरकवून बघायचं. एखाद्या चाकाखालून ते अलगद निघत असेल तर ते चाक भार घेत नाहीये. लाकडाची पातळ पट्टी किंवा चाकाखालची वाटी घालून भर द्यायची. आणि हे ट्यूनिंगच्या आधी, नंतर नव्हे. नंतर पट्टी सारली की लावलेला सूर पुन्हा हलतो.

पण खरं सांगायचं तर ती बाल्कनी नकोच. बाहेरची भिंत, पश्चिमेची असेल तर दुपारचं ऊन, स्लायडिंगच्या फटीतून पावसाचे तुषार. उन्हाने पियानोची एक बाजू तापली तरी तेवढ्यापुरता सूर हलतो. खोलीत जी भिंत दुसऱ्या खोलीला लागून आहे, स्वयंपाकघराला नव्हे, तिथे ठेवता येईल का बघा. मागे बोटभर नको, वीतभर जागा सोडा. आवाज त्या पाठीमागूनच बाहेर पडतो, आणि भिंतीला पाठ चिकटली की ओलही धरते.

आणि पुन्हा सरकवाल तेव्हा पितळी चाकांवर भरवसा ठेवून ढकलू नका. ती चाकं झाडू मारायला जागच्या जागी थोडं सरकवण्यापुरती. टाइलवर चरे पडतात, आणि सांध्यात चाक अडकलं की पियानो मागे कलंडतो, कारण बिडाचं सगळं वजन पाठीकडे आहे. खाली जाड गोधडी घालून मागून दोघांनी धरूनच सरकवा.

एडिसनकर

मागे कलंडण्यावरून आठवलं. इथे न्यू जर्सीत आमचा पियानो तळघरातून वर आणताना सामान हलवणाऱ्या कंपनीच्या पोरांनी तो दाराच्या पट्टीवरून तसाच दामटला आणि पुढचा पाय काडकन मोडला. उभ्या पियानोचे पुढचे पाय बऱ्याचदा शोभेचेच. नुकसानभरपाईसाठी भांडण्यात हिवाळा गेला.

त्याहून मोठी भानगड म्हणजे नवीन जागा. बायकोला तो खिडकीपाशी हवा होता आणि तिथेच जमिनीत हीटिंगचा व्हेंट. आमच्याकडे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली आर्द्रता वीस-पंचवीसवर येते, उन्हाळ्यात साठ. व्हेंटवर तर भट्टीच. डिसेंबरात पियानो एवढा उतरला की ट्यूनरने आधी जागा बदलायला लावली, मग पुढच्या फेरीला कामाला हात घातला. त्याचं म्हणणं, आर्द्रता चाळीस ते पन्नासमध्ये राहिली तर उत्तम, पण आकड्यापेक्षा ती हलती नको.

पुणेकरांचं आमच्या बरोबर उलट दिसतंय: उन्हाळा कोरडा, पाऊस दमट. हेलकावा मात्र तेवढाच.

मांडवीकाठ

पणजीतून लिहितोय. एडिसनकरांचा शेवटचा मुद्दा आमच्याकडे बघायला मिळतो. गोव्यात जुन्या घरांतून पियानो पुष्कळ, आणि हवा बाराही महिने दमट. त्यामुळे सूर तसा टिकतो! पुण्याएवढा वर-खाली होत नाही. आमचा वैरी वेगळा: खारा वारा. तारांना गंज चढतो, खुंट्यांच्या वेटोळ्यांपाशी तर हमखास. अशी तार ट्यूनिंगमध्ये ताणायला गेलं की तटकन तुटते. म्हणून जुन्या, वर्षानुवर्षं न लावलेल्या पियानोला आमचे ट्यूनर ४४० वर चढवतच नाहीत. आहे त्या उंचीवर आपसात जुळवून देतात. एकट्याने वाजवायचा तर काय बिघडलं?

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा जर्मन पियानो आहे, खास उष्ण कटिबंधासाठी बनवलेला. नुसत्या सरसावर न विसंबता सांधे पितळी स्क्रूंनी आवळलेत. त्या काळी असे पियानो हिंदुस्थानात यायचे. सरस पावसाळ्यात दगा देतो हे त्यांना कळून चुकलं होतं म्हणायचं.

आणि उंदीर! नमदा म्हणजे त्यांची गादी. पावसाळ्यात पेडलजवळच्या फटी बघून घ्या.

शर्वरी_डोंबिवली

पियानोच्या आत बल्ब लावतात असं ऐकलंय, दमटपणा जायला. खरं का?

कणसूर

पूर्वी सर्रास लावायचे, खालच्या फळीच्या आत कमी वॉटचा. नमदा आणि लाकडाच्या इतक्या जवळ उघडा बल्ब मला पटत नाही. त्यासाठी रॉड मिळतो, मंद तापणारा, आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणाराही असतो. मुंबई-कोकणात तो उपयोगी. पुण्यात मात्र पावसाळ्यापुरताच. आपोआप बंद न होणारा रॉड मार्च-एप्रिलमध्ये चालू राहिला तर आधीच सुकलेला साउंडबोर्ड आणखी सुकवाल.

एसी असेल तर एक करा: रात्री अठरावर आणि दिवसभर बंद, असं नको. त्यापेक्षा एसी नसलेली खोली बरी.

पेटीमास्तर

गौरीताईंच्या सासऱ्यांच्या गांधाराबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. पेटी दुरुस्तीत हयात गेली.

गौरीताई, सासरेबुवा बरोबर आहेत. तानपुऱ्यातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर. पियानोचा ४००. चौदा सेंट चढा. बारा पट्ट्यांत कुठल्याही पट्टीचा सा करून वाजवता यावं म्हणून अंतरं सारखी वाटून टाकलीत, त्याची ही किंमत. पंचम मात्र जवळजवळ शुद्ध, दोनच सेंटांची खोट. पेटीवर पूर्वीपासून जे आक्षेप घेतले गेले त्यातला हा एक. रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती ती काय उगाच? तेव्हा ट्यूनरने कितीही जीव ओतला तरी सासरेबुवांचा गांधार मिळायचा नाही. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

अवांतर: मला कुणी कुणी पियानो लावायला बोलावतात. मी जात नाही. आमच्या पेटीतल्या सुरी, म्हणजे पितळी पत्त्या, घासल्या की झालं, सूर बसला. तिथे खुंटी, तार आणि एका पट्टीला तीन तीन तारा. ते काम वेगळं, हात वेगळा. पान्याने खुंटी फिरवणारे महाभाग पाहिलेत. खुंटीचं चौकोनी डोकं गोल करून ठेवतात.

गौरी_कोथरूड

पेटीमास्तर, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. आता घरात ऐकवत नाही! :D

बाकी खबरबात. गोटीने काम केलं, बाल्कनीत उतार आहे. कॉलम_बीम यांचं ऐकून पियानो पुन्हा आत घेतलाय, दोन बेडरूमच्या मधल्या भिंतीला. चारी चाकांखाली पोस्टकार्ड अडकतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, सध्या ७८ दाखवतंय. मधल्या 'ए'ला ॲप सात सेंट चढा म्हणतं, पण खाली 'ई', 'एफ' बघितले तर सतरा-अठरा. म्हणजे कणसूर म्हणाले ते तंतोतंत.

डोलणाऱ्या पट्ट्यांचं मात्र काही कळेना. काल दिवे गेले होते तेव्हा लेक वाजवत होती, तर त्या वेळी बऱ्याच पट्ट्या डोलल्याच नाहीत?!

कणसूर

पंखा!

छताचा पंखा चालू असला की त्याच्या पात्यांवरून आवाज परत येताना तुकड्यातुकड्याने येतो आणि स्वर लहरतो. नव्या जागी तुमचा पियानो पंख्याच्या खाली आला असणार. पंखा बंद करूनही ज्या पट्ट्या डोलतात त्यांच्या तीन तारा आपसात सरकल्या आहेत. तेवढ्याच खऱ्या.

परीक्षेबद्दल एक विचारायचं राहिलं. ती केंद्रावरच्या पियानोवरच होणार ना? मग घरचा पियानो पंधरा सेंट चढा असला म्हणून मार्क जाणार नाहीत. रियाजाला त्रास होतो तो डोलणाऱ्या पट्ट्यांचा आणि अडकणाऱ्या काळ्या पट्टीचा. ट्यूनरकाकांना म्हणा, पूर्ण ट्यूनिंग नको, फक्त युनिझन करून द्या. म्हणजे तीनपैकी मधली तार जिथे आहे तिथे ठेवायची आणि बाजूच्या दोन तिला मिळवायच्या. तासाभराचं काम आणि हंगामाशी भांडण नाही. पूर्ण ट्यूनिंग पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरचा तडाखा ओसरला की.

बटाटावडा

थांबा, म्हणजे पूर्ण ट्यूनिंगमध्ये तो माणूस नक्की करतो काय? 'टुंग टुंग टुंग' एकच पट्टी तासभर, एवढंच माहीत आहे. आमच्या मजल्यावर एकदा चाललं होतं. शेजारच्या आजी विचारायला आल्या, पोराला बरं आहे ना म्हणून.

कणसूर

हाहा. आजींना सांगा, तो 'टुंग' ऐकत नसतो, त्याच्यामागची लहर ऐकत असतो.

मधल्या भागात तो नमद्याची लांब पट्टी तारांमध्ये खोचतो, म्हणजे प्रत्येक स्वराची एकच तार वाजते. चिमट्यावरून, म्हणजे ट्यूनिंग फोर्कवरून, 'ए' लावतो. त्याच्यापासून बाकीचे अकरा स्वर, जोड्या जोड्यांनी. दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या उपस्वरांत विस्पंद होतात, शाळेत शिकलेलेच ते. मधल्या 'सी'च्या खालचा 'एफ' आणि त्यावरचा 'ए' एकत्र दाबले तर सेकंदाला सातच्या आसपास लहरी यायला हव्यात. त्यापुढची प्रत्येक जोडी किंचित जलद. हीच ती पेटीमास्तरांनी सांगितलेली गांधाराची खोट, ती मोजून-मापून सगळीकडे वाटायची. पंचमाची लहर मात्र इतकी संथ की दोन सेकंदांत एखादी. माझे गुरू हातातलं घड्याळही बघत नाहीत, मान हलवतात तेवढीच. मला अजून चौथ्या-पाचव्या जोडीनंतर शंका येऊ लागते.

मग ते सप्तक वर आणि खाली उतरवायचं, शेवटी नमदा काढून तीन-तीन तारा एकजीव करायच्या. खुंटीही नुसती फिरवून चालत नाही. ती लाकडात रुतलेली असते, वरून पिळली की वरचं टोक फिरतं आणि आतलं मागे राहतं, सूर लागला असं वाटतं आणि चार तासांत परततो. थोडं पुढे नेऊन मागे आणून बसवावी लागते. हे मनगटात यायला वर्षं जातात. म्हणून ट्यूनर आला की पट्टी जोरात आपटतो. नाजूकपणे लावलेला सूर पहिल्या दणक्याला उतरतो.

सगळं मिळून दीड-दोन तास. त्या वेळात मिक्सर, कुकर, पंखा, टीव्ही, सगळं बंद. गुरुजींनी एका घरी शिट्टी झाल्यावर हातातला लिव्हर खाली ठेवला आणि "भात होऊ द्या, मग बघू" म्हणाले. झालाही. जेवूनच आलो.

गौरी_कोथरूड

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचा राहिला होता.

जुलैत काकांनी युनिझन करून दिलं आणि काळी पट्टी सोडवली. लेकीची परीक्षा छान झाली, मेरिट मिळालं. दिवाळी उलटल्यावर काका पूर्ण ट्यूनिंगला आले. त्यांनी आधी माझा आकड्यांचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि खिशात घातला!! यंत्र तेव्हा ५२ दाखवत होतं. मधला 'ए' जवळजवळ ४४० वर आपला आपण परत आला होता, खालचे स्वर पाच-सहा सेंटच्या आत. काका म्हणाले, जुलैत मी हे सगळे उतरवले असते तर आज चढवावे लागले असते.

बाल्कनीच्या जागी आता सासऱ्यांची आरामखुर्ची आहे.

एडिसनकर

अभिनंदन! वर्षातून दोनदा करणार की एकदा?

गौरी_कोथरूड

काकांनी दोनदा सांगितलंय, एक डिसेंबराच्या आसपास आणि दुसरं मेमध्ये पावसाच्या आधी. मे मधलं मी बहुतेक टाळणार, महिन्याभरात पाऊस येऊन बोळा फिरवणारच आहे. कणसूर?

कणसूर

एकदाच करा, पण दर वर्षी त्याच महिन्यात आणि साधारण त्याच आर्द्रतेला. मध्ये एखादी तार डोलायला लागली तर तेवढीच करून घ्या. मे चे पैसे मला विचाराल तर रॉडला घाला.

निनाद_सांगली

धागा आत्ता वाचला. आमच्याकडेही पियानो वरच्या मजल्यावरून खाली आणायचा आहे, आणि सांगली-मिरजेत तंबोऱ्याचे कारागीर जागोजाग, पियानोचा एकही सापडेना. गौरीताई, काका पुण्याबाहेर येतात का? नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

गौरी_कोथरूड

येतात, पण एका फेरीत दोन-तीन पियानो असतील तरच. आसपास आणखी कुणाचा आहे का बघा. नंबर व्यनि केलाय.